उसातली पिल्ले आणि त्यांची आई : एका प्रश्नाचा आढावा

पश्चिम महाराष्ट्रात गाळप हंगाम सुरू झाला की जुन्नर, आंबेगाव, शिरूर, संगमनेर, अकोले, सिन्नर, निफाड या तालुक्यांतून एक बातमी दरवर्षी येऊ लागते. ऊसतोड चालू असताना फडात बिबट्याची पिल्ले सापडली. दोन किंवा तीन, मांजराएवढी, कधी डोळेही न उघडलेली, पाचटात एकमेकांना बिलगून पडलेली. मादी कुठे दिसत नाही. कोयते थांबतात, टोळीतली माणसे गोळा होतात, मोबाइल निघतात आणि पुढच्या तासाभरात जे घडते त्यावर त्या पिल्लांचे उरलेले आयुष्य ठरते.

ही पिल्ले पोरकी आहेत का, हा यातला पहिला प्रश्न. पोरकी नसतील तर त्यांना आईकडे कसे पोचवायचे, हा दुसरा. पोरकी असतील तर त्यांचे करायचे काय, हा तिसरा. गवतात पडलेले काळविटाचे पाडस, बांधावर सापडलेला सशाचा गोळा, झाडाखाली बसलेले घुबडाचे पिल्लू यांच्याबाबतही हेच तीन प्रश्न उभे राहतात. तरीही या आढाव्याचा भर बिबट्यावर आहे. या प्रश्नांची सर्वाधिक कसोटी महाराष्ट्रात बिबट्याच्या पिल्लांवर लागली आहे, आणि तिथे एका बाजूला प्राण्याचा जीव असतो तसा दुसऱ्या बाजूला माणसाचाही असतो.

बिबट्या उसात कसा आला

कुकडी प्रकल्पातील येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज आणि पिंपळगाव जोगे या धरणांचे पाणी कालव्यांतून फिरले तसा जुन्नर आणि आजूबाजूच्या तालुक्यांचा चेहरामोहरा बदलला. जिथे पूर्वी बाजरी आणि मटकी होती तिथे ऊस आला. आडसाली ऊस सोळा ते अठरा महिने शेतात उभा असतो. दाट, सावलीचा, ओलसर आणि तोडणीपर्यंत माणसांची फारशी ये-जा नसलेला. कडेला वस्त्या, वस्त्यांवर कुत्री, शेळ्या, कोंबड्या. बिबट्याला लागते ते सारे तिथे मिळाले.

अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या खोऱ्यात राखीव जंगल नाही आणि माणसांची वस्ती दाट आहे, तिथे त्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे सरासरी 4.8 प्रौढ बिबटे आढळले. त्याच शिवारात तरसही होते. पुढे विष्ठेच्या अभ्यासातून दिसले की या बिबट्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा आहे. जंगलातून चुकून आलेल्या पाहुण्यांचे हे चित्र नव्हते. उसात जन्मलेल्या मादीने उसातच पिल्ले घालावीत, अशा पिढ्या तिथे होऊन गेल्या आहेत. 2022 सालच्या राष्ट्रीय गणनेने देशात 13,874 आणि महाराष्ट्रात 1,985 बिबट्यांचा अंदाज दिला. पण ती गणना प्रामुख्याने जंगलक्षेत्राची असल्याने उसातले बिबटे बहुतांश त्या आकड्याबाहेर राहतात. उत्तर प्रदेशातील बिजनौर आणि कर्नाटकातील मंड्या या ऊसपट्ट्यांतही हीच स्थिती आहे.

तोडणीचा आणि पिल्लांचा संबंध इथून येतो. मादीने निवडलेली जागा महिनोन् महिने सुरक्षित असते आणि एके दिवशी सकाळी टोळी येते. आवाज ऐकून मादी शेजारच्या उभ्या उसात सरकते. दिवसाउजेडी, वीस-पंचवीस माणसांमधून पिल्ले तोंडात धरून नेणे तिला शक्य नसते. म्हणून ती थांबते.

एकटे पिल्लू म्हणजे काय

बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ साधारण तीन महिने ते साडेतीन महिन्यांचा असतो. पिल्ले जन्मतः आंधळी असतात; डोळे उघडायला आठ-दहा दिवस लागतात. पहिले सहा ते आठ आठवडे मादी त्यांना लपवून ठेवते आणि स्वतः शिकारीला जाते. हे जाणे काही तासांचे असते, क्वचित दिवसाहून अधिक लांबते. या काळात ती त्यांची जागाही अधूनमधून बदलते, एकेक पिल्लू मानेला धरून. म्हणजे दोन पिल्ले इथे आणि एक तिथे अशी अवस्था आईच्या नेहमीच्या वागण्यातच येते. तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला दूध सुटते. पण पिल्ले वर्ष-दीड वर्ष आईबरोबर राहतात, कारण शिकार शिकायला तेवढा काळ लागतो.

दोन महिन्यांचे होईपर्यंत बिबट्याचे पिल्लू दिवसाचा मोठा भाग एकटेच असते. माणसाला ते दिसते तेव्हा ते एकटे असणार हे जवळपास ठरलेले आहे, कारण माणूस आल्यामुळेच आई बाजूला झालेली असते. पाहणाऱ्याची उपस्थिती आणि आईची अनुपस्थिती या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. या एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे किती पिल्ले विनाकारण उचलली गेली असतील, याचा विचार अस्वस्थ करणारा आहे.

इतर प्राण्यांतही थोड्याफार फरकाने हेच दिसते. चितळ, काळवीट, चिंकारा यांच्या माद्या पाडसाला गवतात दडवून चरायला जातात. पाडस धोका वाटताच पळत नाही, जमिनीला चिकटून निश्चल होते, आणि ते आजारी आहे असा समज होतो. सशाची आई पिल्लांजवळ थोडाच वेळ असते, कारण तिचा वास कोल्ह्या-खोकडांना पिल्लांपर्यंत आणू शकतो. पक्ष्यांमध्ये पिसे फुटलेले, पण धड उडता न येणारे पिल्लू काही दिवस जमिनीवर किंवा खालच्या फांदीवर काढते आणि आईबाप त्याला तिथेच भरवतात. अशा पिल्लाला मांजर-कुत्र्यापासून दूर, जवळच्या झुडपात ठेवले की पुरते. पिसे न फुटलेले पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवावे लागते. घरटे मोडले असेल तर टोपलीत. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही समजूत खेड्यात आणि शहरात सारखीच घट्ट आहे. बिबट्याच्या बाबतीत तर ती उघडच खोटी ठरली आहे: पशुवैद्यांनी तपासलेली, गोचिडी काढलेली, वजन केलेली पिल्ले माद्यांनी कॅमेऱ्यासमोर उचलून नेली आहेत.

ओळखीचा घोळ हा आणखी एक भाग. उसात वाघाटीची पिल्लेही सापडतात. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. पूर्ण वाढलेले जनावर दीड किलोच्या आसपास भरते. तिच्या पिल्लांवर ठिपके असतात आणि बिबट्या सापडला म्हणून गावभर गोंधळ होतो. बाऊल या रानमांजराची पिल्लेही अशीच फसवतात आणि कुणाच्या तरी घरी बशीतल्या दुधावर जातात. गाईच्या दुधाने मार्जारकुळातल्या पिल्लांना हगवण लागते, बाटलीने घाईत पाजलेले दूध फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होतो. मायेने केलेल्या या चुकांनी जाणारी पिल्ले बातमीत येत नाहीत.

पिंजऱ्याचा काळ

विसावे शतक संपेपर्यंत सापडलेले पिल्लू उचलायचे, हीच सर्वमान्य रीत होती. ते प्राणिसंग्रहालयात जाई किंवा निवारा केंद्रात. त्यामागे वाईट हेतू नव्हता. पिल्लू वाचवणे म्हणजे ते ताब्यात घेणे, असाच सगळ्यांचा समज होता.

समज बदलायला कारण झाले ते जुन्नरमध्ये 2001 ते 2003 या काळात उफाळलेले संघर्ष. बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले वाढले तसे वनविभागाने मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या काळातील नोंदी तपासून 2011 मध्ये मांडलेला निष्कर्ष धक्कादायक होता: स्थलांतराने हल्ले कमी झाले नाहीत, उलट स्थलांतर सुरू झाल्यानंतर ते वाढले, आणि जिथे बिबटे नेऊन सोडले, त्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल परिसरातही हल्ले झाले. रेडिओ कॉलर लावलेला 'आजोबा' हा बिबट्या 2009 मध्ये माळशेज घाटात सोडल्यावर चालत थेट मुंबईच्या सीमेपर्यंत गेला. त्याच्यावर पुढे 2014 मध्ये मराठी चित्रपट निघाला, त्यामुळे ही गोष्ट घराघरांत माहीत झाली. प्रौढ बिबट्या उचलून दुसरीकडे सोडला की प्रश्न जागा बदलतो, मिटत नाही, हे त्यातून सामान्य वाचकालाही कळले.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने 2011 मध्ये बिबट-मानव संघर्षाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. केवळ दिसला म्हणून बिबट्या पकडू नये, हा त्यांचा गाभा. याच विचाराच्या ओघात पिल्लांचा प्रश्न नव्याने पाहिला जाऊ लागला. मादी तिच्या शिवारात राहणार असेल, तर तिची पिल्ले तिच्यापासून तोडण्याला काय अर्थ? जुन्नरजवळच्या माणिकडोह येथील बिबट निवारा केंद्रात वनविभागाबरोबर काम करणाऱ्या वाइल्डलाइफ एसओएस या संस्थेच्या पशुवैद्यांनी आणि नाशिक, अहिल्यानगर भागातल्या वनकर्मचाऱ्यांनी पिल्ले परत देण्याची पद्धत प्रत्यक्ष फडात घासूनपुसून तयार केली.

कायद्याची चौकटही इथे महत्त्वाची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 प्रमाणे बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि वन्य प्राणी पकडणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. याच कायद्याच्या कलम 39 नुसार असा प्राणी कोणत्याही मार्गाने ताब्यात आला, तर 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे कळवावे लागते. चांगल्या हेतूने घरी नेलेले पिल्लूही यातून सुटत नाही. व्यवहारात मात्र 48 तास हा फार मोठा काळ आहे. पिल्लाच्या दृष्टीने त्याच दिवशीची संध्याकाळ ही खरी मुदत असते. महाराष्ट्रात वनविभागाची 1926 ही मदतवाहिनी त्यासाठीच उपयोगी पडते.

परत देण्याची रीत

पिल्ले दिसताच त्या सरीतली तोडणी थांबवायची, माणसे एकाच बाजूने मागे घ्यायची आणि वनविभागाला कळवायचे. इथपर्यंतचे काम टोळीचे आणि शेतकऱ्याचे. उभा ऊस ज्या बाजूला शिल्लक आहे ती बाजू मोकळी ठेवणे याला विशेष महत्त्व आहे, कारण मादी तिथेच असण्याची शक्यता सर्वाधिक. चारही बाजूंनी ऊस तोडत मधे बेट ठेवले, तर मादी अडकते आणि तोडणाऱ्यांच्या अंगावर येण्याचा धोका वाढतो.

वनरक्षक आणि पशुवैद्य पोचल्यावर पिल्लांचे वय, लिंग, वजन, जखमा, शरीरातले पाणी पाहिले जाते. अनेकदा त्वचेखाली मायक्रोचिप बसवली जाते, म्हणजे पुढे कधी तो बिबट्या पकडला गेला तर ओळख पटते. दिवस मावळताना पिल्ले सापडलेल्या जागी, किंवा तिथल्या तोडणीमुळे ते शक्य नसेल तर अगदी लगत, प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. भाजीपाल्याचे साधे क्रेट त्यासाठी चालतात. त्यात थोडे पाचट, वर हलके झाकण. मादी सहज पाडू शकेल, पण पिल्लू बाहेर भटकणार नाही आणि कुत्री आत शिरणार नाहीत असे. भोवती कॅमेरा ट्रॅप लावतात आणि सगळी माणसे दूर जातात.

कॅमेऱ्यांनी टिपलेली पुढची दृश्ये या पद्धतीच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. मादी येते, बराच वेळ अंतर राखून फिरते, क्रेट हुंगते, पंजाने आडवा करते आणि पिल्लू उचलून अंधारात जाते. मग दुसऱ्यासाठी परत येते. कधी पहिल्या दोन-तीन तासांत, कधी पहाटे. पहिल्या रात्री आली नाही तर पिल्लांना सकाळी हलवून पोषण देतात आणि संध्याकाळी पुन्हा तिथेच ठेवतात. असे काही रात्री चालते.

यश कशावर अवलंबून असते याबद्दल फडावर काम करणाऱ्यांमध्ये बरेच एकमत आहे. तीच जागा, तोच दिवस आणि माणसांची शांतता. यातले तिसरे सर्वांत अवघड. पिल्लांचे फोटो काढायला जमलेली गर्दी रात्री दहापर्यंत बांधावर उभी असेल, तर मादी येत नाही. आणि मादी आली नाही म्हणून पिल्ले पोरकी ठरतात.

वेगवेगळ्या भूमिका

वनविभाग आणि बहुतेक वन्यजीव अभ्यासकांची भूमिका पिल्ले आईला परत देण्याच्या, म्हणजे पुनर्भेटीच्या बाजूने आहे. त्यांचे म्हणणे असे: पिल्लाला आई मिळते, निवारा केंद्रातला आयुष्यभराचा पिंजरा वाचतो, आणि पिल्ले गमावलेली मादी सैरभैर होऊन गावाजवळ फिरण्याचा धोका टळतो. यातला तिसरा मुद्दा नीट तपासून घ्यावा असा आहे. पिल्ले शोधत घिरट्या घालणाऱ्या माद्या वनकर्मचाऱ्यांनी अनेकदा पाहिल्या आहेत, त्यांच्या अनुभवाला मोल आहे. मात्र अशा माद्या माणसांवर जास्त हल्ले करतात, हे विधान अनुभवावर उभे आहे, मोजमापावर नाही. पहिले दोन मुद्दे इतके बळकट आहेत की तिसरा त्यांच्या पंगतीला बसवायची गरज नाही.

शेतकऱ्यांची भूमिका वेगळी आहे आणि ती भावनेच्या भरातली म्हणून बाजूला सारता येत नाही. ज्या मळ्यात पिल्ले परत ठेवायची, त्याच मळ्यात रात्री वीज आल्यावर पाणी धरायला जावे लागते. त्याच बांधावरून मुले शाळेत जातात. आज क्रेटमध्ये ठेवलेले पिल्लू दीड वर्षाने पूर्ण बिबट्या होणार आहे. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात लहान मुले आणि वृद्ध बळी पडले तेव्हा लोक महामार्गावर उतरले. त्यानंतर माद्यांच्या प्रजननावर नियंत्रण आणण्याची मागणी आणि चर्चा राज्य पातळीवर जोरात झाली. मूल गमावलेल्या घराला पुनर्भेटीचे चित्रण दाखवून काही समजावता येईल, ही अपेक्षाच चुकीची आहे. या गावांची मागणी साधारणपणे अशी असते: पिल्लांच्या आधाराने मादीला पिंजऱ्यात आणा आणि सगळे कुटुंब इथून न्या. पण ते न्यायचे कुठे, याचे उत्तर जुन्नरच्या आधीच्या अनुभवाने फार अवघड करून ठेवले आहे. निवारा केंद्रांत जागा मर्यादित आहे, आणि रिकाम्या झालेल्या शिवारात दुसरा बिबट्या येतो.

तिसरी भूमिका ऊसतोड मजुरांची. ती क्वचितच कुणी विचारतो. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून आलेल्या या जोडप्यांना मोबदला टनावर मिळतो. तोडणी थांबली तर त्यांचा दिवस बुडतो, मुकादमाची उचल मात्र तशीच राहते. त्यांची लहान मुले फडाच्या कडेलाच असतात, पालाच्या कोप्यांत झोपतात. पिल्ले सापडणे म्हणजे मादी जवळ आहे, हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा आधी आणि जवळून कळते.

प्राण्यांच्या कल्याणाचा विचार करणाऱ्यांतही दोन मते आहेत. एका मताने दर पिल्लाचा जीव मोलाचा आहे आणि शंका असेल तर वाचवण्याच्या बाजूने झुकावे. दुसऱ्या मताने जंगलात पिल्ले मरणे हा प्रजातीच्या जगण्याचाच भाग आहे. दक्षिण आफ्रिकेतील साबी सँड परिसरातल्या दीर्घकालीन अभ्यासात बिबट्याच्या पिल्लांपैकी जेमतेम चाळीस टक्के स्वतंत्र होईपर्यंत जगलेली आढळली, तीही संरक्षित क्षेत्रात. तेव्हा अशक्त पिल्लू जगवण्यावर खर्च होणारे मनुष्यबळ अधिवासावर खर्च व्हावे, असे हे मत सांगते. उसाच्या फडात मात्र हा युक्तिवाद अपुरा पडतो. तिथे पिल्लू आईपासून तुटते ते कोयत्यामुळे, आणि कोयत्याने तोडलेले जोडण्याची जबाबदारी निसर्गावर टाकता येत नाही. 2019 च्या एप्रिलमध्ये आंबेगाव तालुक्यात पाचटाला लागलेल्या आगीत बिबट्याची पाच पिल्ले होरपळून गेली. त्याला नैसर्गिक मृत्यू म्हणणे अवघड आहे.

जेव्हा आई खरोखरच नसते

मादी वाहनाखाली सापडलेली असते, विहिरीत बुडालेली असते, विजेच्या तारेने गेलेली असते. काही वेळा अनेक रात्री वाट पाहूनही ती येत नाही. पिल्लू खंगलेले, अंगावर माश्यांची अंडी असलेले, हातपाय गार पडलेले असेल तर वाट पाहण्यात अर्थ नसतो, पशुवैद्याकडेच न्यावे लागते. अशा पिल्लांपुढे दोनच वाटा उरतात: जन्मभर बंदिवास, किंवा वाढवून पुन्हा जंगलात सोडणे.

महाराष्ट्रात पहिल्या वाटेचे सर्वांत परिचित नाव हेमलकसा. गडचिरोलीच्या भामरागड भागात 1973 मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला आणि शिकारीत मारलेल्या माकडिणीला बिलगलेले पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी घरी आणले, तिथून तिथले प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. त्या पिल्लाची आई मेलेली आहे याविषयी शंकेला जागाच नव्हती; ती शिकाऱ्याच्या खांद्यावर होती. हेमलकशाची प्रेमळ छायाचित्रे पाहून उसातले पिल्लू उचलणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. बिबट्या माणसाच्या अंगावर खेळतो हे दृश्य त्याच्या पोरकेपणाची किंमत दाखवते: असा बिबट्या पुन्हा कधीही रानात जाऊ शकत नाही.

दुसऱ्या वाटेचा इतिहास जुना आणि वादग्रस्त आहे. केनियात जॉर्ज आणि जॉय अॅडमसन यांनी एल्सा सिंहिणीला वाढवून सोडले, आणि 1960 मध्ये तिच्यावर आलेल्या पुस्तकाने हा मार्ग जगभर लोकप्रिय केला. भारतात दुधव्याच्या सीमेवर बिली अर्जन सिंग यांनी 1970 च्या दशकात प्रिन्स, हॅरिएट आणि ज्युलिएट हे बिबटे आणि इंग्लंडच्या प्राणिसंग्रहालयातून आणलेली तारा ही वाघीण वाढवली. ताराला जंगलात सोडल्यावर परिसरातल्या मानवी बळींबद्दल तिच्यावर आरोप झाले, आणि पुढे तिच्या सैबेरियन वंशामुळे स्थानिक वाघांच्या रक्तात सरमिसळ झाल्याचा वादही उभा राहिला. समर्थकांना अर्जन सिंग यांच्यात धाडस दिसते, टीकाकारांना बेजबाबदारपणा. पण मार्जारांना माणसाळवून सोडण्याचे धोके त्या प्रयोगामुळेच ठळक झाले.

वाघांच्या बाबतीत राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने पुढे कार्यपद्धती ठरवली. पोरक्या बछड्यांना प्रथम आईशी भेटवण्याचा प्रयत्न करायचा. ते न जमल्यास जंगलातल्याच मोठ्या कुंपणात, माणसाचा संपर्क टाळून किमान दोन वर्षे वाढवायचे, आणि पुरेशा शिकारी स्वतः केल्याची नोंद झाल्यावरच सोडायचे. कान्हात अशा रीतीने वाढलेल्या दोन बहिणींना 2011 मध्ये पन्नात सोडण्यात आले. वाघ संपलेल्या पन्नात त्यांनी पिल्ले दिली आणि तिथल्या पुनरुज्जीवनात त्यांचा वाटा मोठा राहिला. रणथंबोरमध्ये त्याच वर्षी आई मेलेल्या दोन मादी बछड्यांजवळ नर वाघ राहत असल्याचे दिसले आणि त्यांना उचलण्याची वेळच आली नाही. काझीरंग्याच्या पुनर्वसन केंद्राने पुरात आईपासून तुटलेली गेंड्याची पिल्ले वाढवून मानसच्या जंगलात पोचवली.

ही यशे बिबट्याला जशीच्या तशी लावता येत नाहीत. वाघ सोडायला पन्नासारखे रिते जंगल होते. महाराष्ट्रात बिबट्याशिवायचे जंगल शोधून सापडत नाही, आणि वाढवलेला बिबट्या जंगलाच्या काठावरच्या गावाकडे वळण्याची शक्यता वाघापेक्षा कितीतरी जास्त. म्हणून बिबट्याच्या पोरक्या पिल्लांच्या नशिबी व्यवहारात बहुधा पिंजराच येतो. आईला शोधायच्या पहिल्या काही रात्रींना एवढे महत्त्व आहे ते यामुळे.

न सुटलेले

पुनर्भेट झाल्यावर पिल्लाचे पुढे काय होते, हा सर्वांत मोठा खुला प्रश्न. मादी पिल्लू घेऊन गेली इथे चित्रण संपते. ती पिल्ले किती जगली, त्यांच्यातल्या किती जणांनी पुढे त्याच शिवारात बस्तान मांडले, माणसांशी संघर्षात आलेल्या बिबट्यांत अशा पिल्लांचे प्रमाण इतरांपेक्षा कमी आहे की जास्त, हे सांगणारी शिस्तशीर आकडेवारी उभी राहायला हवी. मायक्रोचिपच्या नोंदी नीट जपल्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांत एकत्र केल्या तर दहा वर्षांत पुष्कळ कळू शकेल. शेतकऱ्यांच्या भीतीला नुसत्या आश्वासनापलीकडचे उत्तर देण्याचा दुसरा मार्ग दिसत नाही.

किती रात्री थांबायचे, याचाही एक निकष नाही. डोळे न उघडलेले पिल्लू दुधाविना फार काळ तग धरत नाही. दोन महिन्यांचे त्याहून अधिक धरते. माणसाने पाजत राहिले तर पिल्लू जगते, पण हाताळणी वाढते. कुठे तीन रात्रींनंतर आशा सोडतात, कुठे आठवडाभर प्रयत्न चालतो, आणि हा फरक बहुतेक वेळा त्या परिक्षेत्रात किती माणसे उपलब्ध आहेत यावर ठरतो.

थांबलेल्या तोडणीचा खर्च कोणी सोसायचा, हा प्रश्न चर्चेत येतो आणि मागे पडतो. तोडीची तारीख कारखान्याच्या कार्यक्रमाने बांधलेली असते, वाळत्या उसाचे वजन घटते, टोळी दुसऱ्या फडात हलली तर परत कधी येईल सांगता येत नाही. गुंठा-दोन गुंठे ऊस आठवडाभर उभा ठेवायला अनेक शेतकरी तयार होतात, हे त्यांच्या मोठेपणाचे लक्षण. पण एखाद्या धोरणाने केवळ मोठेपणावर विसंबू नये. पशुधन आणि मनुष्यहानीची भरपाई आहे, तशी या थांबण्याची आणि बुडालेल्या मजुरीची सोय व्हावी, ही सूचना रास्त आहे.

शेवटचा प्रश्न यंत्राचा. मजूर मिळेनासे झाल्याने ऊसतोडणी यंत्रे वाढत आहेत आणि त्यांना शासनाचे अनुदानही आहे. कोयता चालवणाऱ्याला पाचटातली हालचाल हातभर अंतरावरून दिसते, तो हात आवरतो. केबिनमध्ये बसलेल्या चालकाला ती दिसत नाही. यंत्र फडात घालण्यापूर्वी सऱ्या चालून पाहणे, मादीला निघून जायला वेळ मिळेल असे एका बाजूने सुरू करून हळू पुढे जाणे, रात्रीची तोडणी टाळणे, असे उपाय सुचवले जातात. त्यातली पाहणी कोणी करायची, कारखान्याच्या शेतकी विभागाने, यंत्रमालकाने की वनविभागाने, याची जबाबदारी अजून कुणाच्याही कागदावर पक्की लिहिलेली नाही.